स्वप्न, स्मृती आणि रसभंग : ‘डॅलस’च्या प्रेक्षकाची तक्रार

१

लोकप्रिय कलाप्रकारांच्या अभ्यासात प्रेक्षकाला मिळणाऱ्या सुखाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याच्या निराशेची चर्चा त्या मानाने अत्यल्प आहे. एखाद्या दीर्घ मालिकेचा शेवट अथवा तिने घेतलेले वळण प्रेक्षकाला दुखावते, तेव्हा समीक्षक बहुधा दोनपैकी एक भूमिका घेतो. पहिली भूमिका अशी की, अशा करमणुकीकडून अपेक्षा करणे हीच मुळात भाबडेपणाची गोष्ट आहे. दुसरी अशी की, निराश झालेला प्रेक्षक कल्पित आणि वास्तव यांची गल्लत करतो. दोन्ही भूमिकांमध्ये त्याची तक्रार ऐकण्यापूर्वीच निकाली निघते. ही तक्रार प्रत्यक्षात साहित्यसमीक्षेच्या कक्षेतील आहे आणि कथनप्रकाराच्या स्वरूपाविषयी ती काही महत्त्वाचे सांगते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी आपण एकच उदाहरण तपशिलाने पाहणार आहोत : ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेने १९८६ साली आपले एक संपूर्ण पर्व स्वप्न म्हणून रद्द केले, ती घटना.

२

‘डॅलस’चा प्रारंभ सीबीएस या वाहिनीवर २ एप्रिल १९७८ रोजी झाला. प्रथम केवळ पाच भागांपुरती योजलेली ही मालिका चौदा पर्वे चालली आणि ३ मे १९९१ रोजी संपली. डेव्हिड जेकब्ज हे तिचे जनक. टेक्सासमधील साउथफोर्क या मळ्यावर एकत्र राहणारे यूइंग हे तेलसम्राट कुटुंब, त्यांचे बार्न्स कुटुंबाशी असलेले पिढीजात वैर, आणि या वैराच्या छायेत यूइंगांच्या धाकट्या मुलाने, बॉबीने, बार्न्सांच्या पॅमेलाशी केलेला विवाह हे तिचे मूळ कथासूत्र होय. थोरला भाऊ जे. आर. हा पुढे मालिकेचा खरा नायक, किंबहुना खलनायक-नायक ठरला. त्याच्यावर गोळी कोणी झाडली याचा उलगडा करणारा २१ नोव्हेंबर १९८० चा भाग अमेरिकेत सुमारे आठ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

बॉबीची भूमिका करणारे पॅट्रिक डफी यांनी १९८५ मध्ये मालिका सोडण्याचा निर्णय घेतला. १७ मे १९८५ च्या भागात बॉबी पॅमेलाला एका भरधाव मोटारीच्या मार्गातून ढकलून वाचवतो, स्वतः तिच्याखाली सापडतो आणि रुग्णालयात कुटुंबीयांचा निरोप घेऊन मरण पावतो. पुढील संपूर्ण पर्व, म्हणजे ३१ भाग, या मृत्यूच्या परिणामांवर उभे होते. पॅमेला शोकातून सावरते व अखेरीस मार्क ग्रेसनशी विवाह करते. जे. आर.ची पत्नी सू एलन मद्यपानामुळे रस्त्यावर येण्याइतकी खालावते आणि उपचार घेऊन मोठ्या कष्टाने स्वतःच्या पायांवर उभी राहते. रे आणि डॉना या जोडप्याच्या आयुष्यात एक कर्णबधिर मुलगा येतो.

याच काळात मालिकेची लोकप्रियता उतरली. १९८४-८५ च्या पर्वात अमेरिकन मालिकांमध्ये तिचा क्रम दुसरा होता, तो १९८५-८६ मध्ये सहावा झाला. या पर्वापुरते दूर झालेले निर्माते लेनर्ड कॅट्झमन यांना परत बोलावण्यात आले; डफी यांचेही मन वळवण्यात आले. प्रश्न असा होता की, मेलेला बॉबी जिवंत करायचा कसा? १६ मे १९८६ च्या भागाच्या शेवटी पॅमेला झोपेतून जागी होते, न्हाणीघरातील पाण्याचा आवाज ऐकते, दार उघडते आणि समोर बॉबी स्नान करताना दिसतो. काहीच घडले नसल्यासारखा तो तिला अभिवादन करतो. गुप्तता राखण्यासाठी हे दृश्य साबणाच्या जाहिरातीच्या निमित्ताने चित्रित करण्यात आले होते. ज्या कथाप्रकाराला साबण उत्पादकांच्या आश्रयामुळे ‘सोप’ हे नाव मिळाले, त्याच्या इतिहासात हा योगायोग मोठा बोलका आहे. चार महिन्यांनंतर, २६ सप्टेंबर १९८६ रोजी, उलगडा झाला : बॉबी मेलाच नव्हता, मधले सर्व पर्व हे पॅमेलाचे एका रात्रीतील स्वप्न होते.

३

या वळणाने प्रेक्षकांचा एकजात भ्रमनिरास झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बॉबी परत यावा असे अनेकांना मनापासून वाटत होते आणि त्याच्या पुनरागमनाने ते सुखावलेही. तरी न्हाणीघरातील हे दृश्य फसव्या कथानकयोजनेचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून रूढ झाले आणि आजही उपहासाने त्याचा उल्लेख होतो. पुढील पर्वात मालिकेचा क्रम अकरावा होता. या घसरणीचे खापर एकट्या स्वप्नावर फोडता येणार नाही, कारण ती आधीच सुरू झाली होती. पण जे हवे होते तेच मिळूनही प्रेक्षक फसवल्यासारखा का झाला, हा प्रश्न उरतोच.

पहिले उत्तर संभाव्यतेच्या अंगाने देता येईल. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त कथानकाची उकल कथानकातूनच व्हावी असा आग्रह धरला आणि ‘मीडिया’ नाटकातील यंत्राच्या साहाय्याने केलेल्या उकलीला नावे ठेवली. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली, त्यांत संभावनाविरह हे पहिले आहे. ‘डॅलस’मधील स्वप्न या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. कथनमीमांसेच्या दृष्टीने तर त्यात उघड दोष आहे. स्वप्न पॅमेलाचे; पण त्या ३१ भागांत जे. आर.चे गुप्त व्यवहार आहेत, सू एलनचे एकाकी क्षण आहेत, पॅमेला जिथे कधी गेली नाही अशा खोल्यांतील संभाषणे आहेत. सर्वज्ञ निवेदनाच्या संकेताने सांगितलेली कथा मागाहून एका पात्राच्या मनात कोंबण्यात आली आहे.

परंतु एवढे उत्तर पुरेसे नाही, कारण या कथाप्रकाराचा प्रेक्षक असंभाव्यतेला मुळीच बिचकत नाही. मेलेला मानलेला मनुष्य परतणे, स्मृतिभ्रंश, अवचित उघडकीस येणारे पितृत्व हे त्याचे नित्याचे संकेत आहेत. ‘डॅलस’मध्येच मिस एलीच्या भूमिकेत १९८४-८५ या पर्वापुरत्या बार्बरा बेल गेडीस यांच्या जागी डोना रीड आल्या आणि पुढील पर्वात बेल गेडीस परतल्या. आईचा चेहरा बदलला तरी घरातील कोणालाही तो वेगळा वाटला नाही. हा बदल सर्वांनाच रुचला असे नाही, पण कथा विश्वासार्हतेला मुकली नाही. माणसाचा चेहरा बदललेला चालतो आणि एक वर्ष पुसलेले चालत नाही. असे असेल, तर प्रेक्षक ज्याला जपतो ते वास्तवाशी असलेले साम्य नसून दुसरेच काही असले पाहिजे.

४

ते दुसरे म्हणजे स्मृती. भरताने नाट्याच्या कथावस्तूचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी कल्पिले. निर्वहणात पूर्वी विखुरलेली सूत्रे एकत्र येतात आणि मागील सर्व घटनांना अर्थ प्राप्त होतो. फ्रँक कर्मोड यांनी १९६७ साली शेवटाच्या जाणिवेविषयी मांडलेला विचारही याच दिशेचा आहे : शेवट असतो म्हणून मध्याला आकार येतो. सोप ऑपेरा हा मात्र निर्वहण नसलेला कथाप्रकार आहे. टानिया मॉडलेस्की यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, त्याचे सुख शेवट गाठण्यात नसून शेवट सतत पुढे ढकलला जाण्यात आहे. मग जिथे शेवटच नाही तिथे घटनांना अर्थ देतो कोण? तो प्रेक्षकाच्या आठवणीने दिला जातो. सात वर्षांपूर्वीचे एखादे भांडण आठवत असते, म्हणूनच आजच्या एका कटाक्षाला वजन येते. कादंबरीत जे कार्य शेवट करतो, ते इथे संचित स्मृती करते.

या स्मृतीला आणखी एक अंग आहे. साप्ताहिक मालिकेचा काळ प्रेक्षकाच्या आयुष्याशी समांतर चालतो. बॉबीच्या मृत्यूनंतरचे वर्ष पॅमेलाइतकेच प्रेक्षकानेही काढलेले असते. त्या वर्षात त्याच्या घरी जन्म झाले असतील, मृत्यूही झाले असतील. मालिकेतील शोक त्याच्या खऱ्या दिवसांना चिकटून बसलेला असतो. ते वर्ष स्वप्न ठरवताना निर्मात्यांनी आपले ३१ भाग मागे घेतले. प्रेक्षकाला मात्र आपले वर्ष मागे घेता आले नाही.

सर्वांत मोठी हानी सू एलनची झाली. तिचे व्यसनातून बाहेर येणे हे त्या पर्वातील नैतिकदृष्ट्या सर्वांत अर्थपूर्ण सूत्र होते. स्वप्नाच्या उलगड्यानंतर ती पुन्हा जुन्याच अवस्थेत सापडते. तिने कष्टाने मिळवलेले सारे काही, आणि ते मिळवताना प्रेक्षकाने दिलेली साथ, एकाच वेळी रद्द होते. बॉबीचे प्राण परत आणण्यासाठी ही किंमत कोणी मोजली, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच मिळते : एका दुय्यम स्त्री-पात्राने आणि तिच्यात स्वतःला पाहणाऱ्या प्रेक्षकाने.

मराठी वाचकाला हे उमजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. वाचकांनी यमूचे बालपण, तिचा संसार, वैधव्य आणि केशवपन हे हप्त्याहप्त्याने अनुभवले. अखेरच्या हप्त्यात यमू जागी झाली असती आणि सारे स्वप्न ठरले असते, तर वाचकाला क्षणभर हायसे वाटलेही असते. पण शीर्षकातील प्रश्नाला मग अर्थ उरला नसता. लक्षात घेण्याजोगे काही घडलेच नव्हते, असे त्याचे उत्तर ठरले असते.

५

मृत व्यक्तीचे परत येणे हाच दोष मानला, तर मात्र आपण चुकीच्या निष्कर्षाला पोहोचू. जागतिक वाङ्मयात असे पुनरागमन अनेकदा आणि यशस्वीपणे झालेले आहे. दोन उदाहरणांची तुलना येथे उपकारक ठरेल.

पहिले भासाच्या नावावर असलेल्या ‘स्वप्नवासवदत्ता’चे. लावाणकच्या आगीत वासवदत्ता जळून मेली अशी आवई मंत्री यौगंधरायण उठवतो, कारण उदयनाने मगधराजकन्या पद्मावतीशी विवाह करावा आणि गेलेले राज्य परत मिळवावे असा त्याचा हेतू आहे. पाचव्या अंकात निद्रिस्त उदयन वासवदत्तेशी बोलतो. ती प्रत्यक्ष जवळ असते, उत्तर देते, त्याचा लोंबता हात शय्येवर ठेवून निघून जाते. जागा झालेल्या राजाला विदूषक समजावतो की, ते स्वप्नच होते. येथे सत्याला स्वप्न मानले गेले आहे, आणि तेही फक्त उदयनाच्या बाजूने. वासवदत्ता जिवंत आहे हे प्रेक्षक पहिल्या अंकापासून जाणतो. राजाचा शोक भ्रमावर आधारलेला असला तरी खरा आहे, आणि पुढील मीलनाचे सारे माधुर्य त्या शोकाच्या खरेपणावर अवलंबून आहे. वासवदत्ता परत मिळते, पण पद्मावतीशी झालेला विवाह पुसला जात नाही. नाटककाराने कोणत्याही घटनेची किंमत बुडवलेली नाही.

दुसरे उदाहरण शेरलॉक होम्सचे. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात मृत्यू दिला आणि वाचकांच्या तीव्र नाराजीनंतर, दहा वर्षांनी, १९०३ मध्ये त्याला परत आणले. हे पुनरागमनही व्यावसायिक दबावाखालीच झाले. तरी डॉयल यांनी वॉटसनची शोकाची वर्षे खोटी ठरवली नाहीत. होम्स त्या काळात दूर होता, वॉटसन त्याला मृत समजून जगला, आणि परतलेल्या होम्सला पाहून त्याला मूर्च्छा येते. वाचकाने केलेला शोक कथेच्या आत नोंदला गेला. खुलासा फारसा संभाव्य नव्हता. पण तो प्रामाणिक होता.

या दोन उदाहरणांवरून एक भेद स्पष्ट होतो. पुनरागमन दोन प्रकारचे असते : स्मृतीला जोडून घेणारे आणि स्मृतीला छेदणारे. पहिल्यात मागील कथेवर नवा प्रकाश पडतो. दुसऱ्यात मागील कथाच नाहीशी होते. निर्वहणात अद्भुत रस असावा असे भरतानेही सांगितले आहे, तेव्हा आश्चर्य मुळीच निषिद्ध नाही. रसभंगाचे मूळ अनौचित्यात आहे, हा आनंदवर्धनाचा सिद्धान्त येथे लागू करायचा तर औचित्याची व्याप्ती थोडी वाढवावी लागेल. पात्र, प्रकृती आणि प्रसंग यांच्याबरोबरच, कवीने आस्वादकाकडून जे पूर्वी मान्य करून घेतले त्याच्याशी राखलेले इमान, हेही दीर्घ कथनात औचित्याचे अंग ठरते.

६

हा निष्कर्ष दोन समकालीन घटनांवर पडताळून पाहता येतो. ‘डॅलस’मधून १९७९ साली ‘नॉट्स लँडिंग’ ही स्वतंत्र मालिका निघाली होती. यूइंगांचा मधला मुलगा गॅरी तिच्यात कॅलिफोर्नियात राहत असे, आणि बॉबीच्या मृत्यूचा शोक तिथेही दाखवला गेला होता. १९८६ नंतर या मालिकेने पॅमेलाचे स्वप्न स्वीकारले नाही. तिच्या कथा त्या मृत्यूला धरून पुढे गेल्या होत्या. त्या मोडण्यापेक्षा मूळ मालिकेशी असलेली देवाणघेवाण थांबवणे तिने पसंत केले. परिणामी टेक्सासमध्ये जिवंत असलेल्या भावाला कॅलिफोर्नियातील भाऊ मृतच समजत राहिला. ही विसंगती विनोदी वाटेल. परंतु प्रेक्षकाने जे पाहिले ते घडले, असे मानणारी त्या दोहोंतील मालिका कोणती, हे सांगणे अवघड नाही.

दुसरी घटना ‘न्यूहार्ट’ या विनोदी मालिकेची. २१ मे १९९० रोजी तिच्या अखेरच्या प्रसंगात नायक जागा होतो आणि आठही वर्षांची मालिका हे स्वप्न होते असे कळते. ते स्वप्न पाहणारा मनुष्य त्याच अभिनेत्याच्या १९७२ ते १९७८ या काळातील ‘द बॉब न्यूहार्ट शो’चा नायक असतो; शेजारी त्या मालिकेतील पत्नी एमिली असते. रद्द झालेला मजकूर ‘डॅलस’च्या कितीतरी पट अधिक होता, तरी हा शेवट अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासातील उत्कृष्ट शेवटांत गणला जातो. एक कारण उघड आहे : विनोदी मालिकेत शोकाची गुंतवणूक नसते. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. जुनी मालिका ज्याला आठवत होती, त्यालाच हा शेवट पूर्णपणे कळत होता. म्हणजे तिथे स्वप्नाने स्मृतीचा सन्मान केला. ‘डॅलस’मध्ये त्याच युक्तीने स्मृती बाळगणाऱ्याला मूर्ख ठरवले.

७

आता समीक्षेकडे वळू. ‘डॅलस’च्या प्रेक्षकांचे म्हणणे गांभीर्याने ऐकणारा पहिला महत्त्वाचा अभ्यास इएन आंग यांचा. त्यांनी नेदरलँड्समधील एका स्त्रियांच्या मासिकात निवेदन देऊन मिळवलेल्या ४२ पत्रांच्या आधारे १९८२ साली डच भाषेत ग्रंथ सिद्ध केला. त्याची इंग्रजी आवृत्ती १९८५ मध्ये निघाली. यूइंगांचे ऐश्वर्य वास्तवापासून दूर असले तरी त्यांच्या भावनांचे चढउतार प्रेक्षकाला वास्तव वाटतात, या त्यांच्या निरीक्षणाला त्यांनी भावनिक वास्तववाद असे नाव दिले. सुखाची ही मीमांसा स्वप्नप्रकरणापूर्वीची आहे. तिला पुढे नेऊन असे म्हणता येईल की, भावनिक वास्तववाद हा एक अलिखित करार आहे. घटना कितीही कृत्रिम असोत, भावना झाली म्हणजे झाली, हे त्यातील मुख्य कलम. स्वप्नाने तेच कलम मोडले.

निराशेचा अभ्यास अगदीच झाला नाही असे नाही. ‘क्रॉसरोड्स’ या ब्रिटिश मालिकेतून मेग मॉर्टिमरची भूमिका करणाऱ्या नोएल गॉर्डन यांना १९८१ मध्ये दूर केले, तेव्हा प्रेक्षकांनी केलेल्या निषेधाची दखल डॉरथी हॉब्सन यांनी पुढल्याच वर्षी घेतली. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात नायिका कॅथरीनला मारण्यात आले आणि चाहत्यांमध्ये फूट पडली. हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या नाराजीचे विवेचन केले आहे. या दोन्ही अभ्यासांचा भर मालिका कोणाची, निर्मात्यांची की प्रेक्षकांची, या मालकीच्या प्रश्नावर आहे. प्रश्न रास्त आहे. पण त्यामुळे तक्रारीतील सौंदर्यविषयक आशय मागे पडण्याचा धोका असतो. ‘डॅलस’च्या प्रेक्षकाला कथेवर सत्ता हवी होती असे दिसत नाही. सांगणाऱ्याने सांगितलेल्या गोष्टीला धरून राहावे, एवढीच त्याची अपेक्षा होती.

येथे एक आक्षेप संभवतो. कल्पित कथेत सर्वच काही कल्पित असते. मग कल्पितातील मृत्यू आणि कल्पितातील स्वप्न यांत भेद कसला? उत्तर असे की, कल्पिताचे बळ त्याच्या अंतर्गत भेदांवर उभे असते. कथेत काही घटना घडलेल्या, काही केवळ स्वप्नातील, काही खोट्या सांगितलेल्या असतात, आणि या श्रेणी पाळल्या जातात म्हणूनच कथा सांगणे शक्य होते. ‘डॅलस’ने एकदा ही श्रेणी मागाहून बदलली आणि त्यानंतरच्या प्रत्येक मृत्यूला शंकेची कड आली. १९९१ च्या अखेरच्या भागात जे. आर.च्या खोलीतून गोळीचा आवाज येतो, बॉबी धावत आत जातो, काही पाहून हादरतो आणि मालिका संपते. जे. आर. मेला की वाचला हे दाखवलेले नाही. १९९६ च्या दूरचित्रवाणीपटात तो जिवंत निघाला. एरवी हा खुला शेवट धाडसी मानला गेला असता. पण खुल्या शेवटासाठीही लेखकाची पत लागते, आणि ती पाच वर्षांपूर्वीच खर्ची पडली होती.

निराश प्रेक्षकाची तक्रार ही अशा रीतीने आस्वादाचाच एक प्रकार आहे. कथेने काय वचन दिले होते हे त्याला नेमके आठवत असते, म्हणूनच ते मोडल्याचे त्याला कळते. ज्याला काहीच आठवत नाही तो निराशही होत नाही. काव्यशास्त्राने सहृदयाची कल्पना मांडताना तन्मयतेवर भर दिला. हप्त्याहप्त्याने वर्षानुवर्षे चालणाऱ्या कथनाचा सहृदय मात्र स्मरणशीलही असावा लागतो. त्याची तक्रार बाजूला सारणारी समीक्षा ज्या एका गोष्टीवर हा कथाप्रकार उभा आहे तिलाच मुकते. सू एलनचे ते वर्ष कोणत्याही कथासारांशात आता घडलेल्या गोष्टींत मोडत नाही. ते ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणीत मात्र ते घडलेले आहे, आणि समीक्षेला त्याची नोंद घ्यायची तर ती त्यांच्याकडूनच घ्यावी लागेल.